थांब, माझी रिअ‍ॅक्शन आहे!

डीएम म्हणतो, "ऑर्कचा वार तुझ्यावर. एकूण सतरा, म्हणजे लागला. नऊ डॅमेज." विझार्ड खेळणारी मुलगी कागदातून मान वर काढते. "थांब, मी शील्ड टाकते!" समोरचा लगेच म्हणतो, "आता कसलं शील्ड? डॅमेजसुद्धा सांगून झालं." मग पुस्तक उघडतं, एकजण मोबाइलवर शोधायला लागतो, दुसरा तेवढ्यात चहाचं आधण ठेवायला उठतो, आणि खेळातल्या सहा सेकंदांपायी खऱ्या घड्याळातली वीस मिनिटं जातात.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर सर्वांत जास्त कटकट होते ती इथेच, एकाचा टर्न चालू असताना दुसरा मध्ये घुसतो तेव्हा. नियम फार अवघड आहेत म्हणून हे वाद होतात असं मला वाटत नाही. नियम बहुतेक वेळा एका वाक्यात लिहिलेला असतो, फक्त ते वाक्य कोणी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. आणि ज्यांनी वाचलेलं असतं, त्यांना डीएम (खेळ चालवणारा डन्जन मास्टर) इतक्या भरभर बोलतो की मध्ये शिरायला फटच सापडत नाही. तेव्हा हा लेख अर्धा वाचण्याबद्दल आहे आणि अर्धा बोलण्याबद्दल.

इथे पाचव्या आवृत्तीचे नियम धरले आहेत, म्हणजे २०१४ ची पुस्तकं. २०२४ च्या नव्या पुस्तकांत जिथे महत्त्वाचा बदल झाला आहे तिथे तो सांगेन. नियमांचा गाभा एसआरडी या नावाने मोफत मिळतो आणि जानेवारी २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. खाली येणारे बहुतेक स्पेल त्यात सापडतील, त्यामुळे भांडण सोडवायला महागडं पुस्तक हाताशी हवंच असं नाही.

एकच रिअ‍ॅक्शन, आणि ती परत कधी येते

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. लढाई राउंडमध्ये चालते आणि एक राउंड म्हणजे खेळातले सहा सेकंद. इनिशिएटिव्हच्या क्रमाने प्रत्येकाचा टर्न येतो. त्यात चालायचं, एक अ‍ॅक्शन करायची आणि असलीच तर एक बोनस अ‍ॅक्शन. याखेरीज प्रत्येकाकडे एक रिअ‍ॅक्शन असते. ती दुसऱ्याच्या टर्नमध्ये वापरता येते, स्वतःच्याही टर्नमध्ये येते. वापरली की संपली. ती परत मिळते तुमचा पुढचा टर्न सुरू होताना.

राउंड सुरू होताना नव्हे. इथे हमखास गल्लत होते. इनिशिएटिव्हमध्ये मधला नंबर असलेला खेळाडू राउंड बदलला की आपली रिअ‍ॅक्शन परत आली असं धरून चालतो, आणि त्याचा टर्न यायच्या आत दोनदा वापरून मोकळा होतो. यावर उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येकासमोर एक चिंचोका ठेवा. रिअ‍ॅक्शन वापरली की तो डीएमकडे सरकवायचा, आपला टर्न आला की परत घ्यायचा. डीएमनेही प्रत्येक शत्रूच्या नावापुढे टिंब मांडावं. आठ गॉब्लिन असतील तर त्यातल्या कोणाकोणाची रिअ‍ॅक्शन गेली हे डोक्यात राहत नाही.

लहानपणी पकडापकडीत कोणीही केव्हाही 'टॅम्प्लीज' ओरडून खेळ थांबवू शकायचं. रिअ‍ॅक्शन तशी नसते. तिला कारण लागतं, आणि ते कारण पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यालाच ट्रिगर म्हणतात.

ट्रिगरचं वाक्य

कुठलीही रिअ‍ॅक्शन वापरण्याआधी तिचं ट्रिगरचं वाक्य बोट ठेवून वाचा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. नेमकं काय घडायला हवं? रिअ‍ॅक्शन त्या घटनेच्या आधी होते, मध्ये होते की नंतर? आणि तिच्यामुळे मूळ घटना बदलते, की तुम्ही फक्त तिला उत्तर देता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाक्यात सापडलं नाही तर काय करायचं हे २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये लिहिलेलं आहे. वेळ स्पष्ट नसेल तर ट्रिगर पूर्ण झाल्यावर रिअ‍ॅक्शन. म्हणजे 'नंतर' हा नियम, आणि 'आधी' किंवा 'मध्ये' हे अपवाद. अपवाद असेल तर तो त्या स्पेलच्या किंवा क्षमतेच्या मजकुरात दिसला पाहिजे. एवढं एक वाक्य टेबलावरच्या सगळ्यांना पाठ असेल तर पुष्कळ वाद सुरूच होत नाहीत.

याचे परिणाम कधीकधी खेळाडूंना रुचत नाहीत. मेज स्लेयर हे फीट घ्या, २०१४ चं. पाच फुटांच्या आत कोणी स्पेल टाकला तर रिअ‍ॅक्शन वापरून त्याच्यावर एक वार करता येतो. नाव मोठं दणदणीत आहे, त्यामुळे घेणाऱ्याची समजूत अशी होते की जादूगाराने हात वर केला की आपली तलवार आधी पडणार. पण वाक्यात 'आधी' कुठेच नाही. म्हणजे स्पेल पूर्ण होतो आणि मग वार. जादूगाराने मिस्टी स्टेप टाकला तर तो तीस फुटांवर जाऊन उभा राहतो आणि तलवारीचा पल्ला पाचच फुटांचा. मेज स्लेयर हात चोळत बसतो. टेबलाला हे अगदीच कडू वाटत असेल तर घरचा नियम करून वार आधी होऊ द्या. माझी त्याला हरकत नाही. फक्त तो घरचा नियम आहे हे मोहीम सुरू होतानाच सांगा, लढाईच्या मध्यावर नको.

हेलिश रिब्यूक हा नंतर होणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा स्वच्छ नमुना आहे. ज्याने तुम्हाला डॅमेज दिलं त्याला तुम्ही जाळता. डॅमेज आधी घ्यावं लागतं. त्या डॅमेजने तुमचे हिट पॉइंट शून्यावर आले तर तुम्ही बेशुद्ध, आणि बेशुद्ध माणसाला रिअ‍ॅक्शन नाही. मरता मरता सूड घ्यायची कल्पना छान आहे, पण नियमात बसत नाही.

पहारेकरी आणि घंटा

अपॉर्च्युनिटी अटॅक सगळ्यांना येतो, आणि म्हणूनच त्याची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही.

समजा, पहारेकरी फायटरच्या शेजारच्या चौकोनात उभा आहे. त्याला चार चौकोनांवर, म्हणजे वीस फुटांवर टांगलेली धोक्याची घंटा वाजवायची आहे. घाईत असलेला डीएम सांगतो, "पहारेकरी पळत जाऊन घंटा वाजवतो." फायटर म्हणतो, "अरे, माझा अपॉर्च्युनिटी अटॅक!" वार लागतो, पहारेकरी मरतो. आता घंटा वाजली की नाही?

पुस्तकाचं उत्तर नि:संदिग्ध आहे. हा वार शत्रू तुमच्या पल्ल्याबाहेर पडण्याच्या जरा आधी होतो आणि त्याचं चालणं मध्येच तोडतो. पहारेकरी मेला तर तो फायटरच्या शेजारच्या त्याच चौकोनात पडेल. घंटा वाजली नाही. त्याच्या कमरेच्या किल्ल्या हात लांब केला की मिळतील, घंटेपाशी जावं लागणार नाही. तो मेला नाही तर उरलेलं अंतर पळेल आणि घंटा वाजवेल. जखम झाली म्हणून थांबणार नाही. मात्र फायटरकडे सेंटिनल हे फीट असेल तर लागलेला वार त्याचा वेग त्या टर्नपुरता शून्य करतो, म्हणजे पहारेकरी जिवंत आहे पण जागच्या जागी खिळलेला आहे.

हा सगळा घोळ डीएमने चालण्याचे तुकडे करून सांगितले तर होतच नाही. "पहारेकरी तुझ्याजवळून निघतोय, घंटेच्या दिशेने." आणि इथे थांबायचं. कोणी काही बोललं नाही तर पुढे, "घंटेपाशी पोहोचला. वाजवतोय."

आता बारीक अक्षरं. पल्ल्याबाहेर पडलं तरच अपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो. शत्रू तुमच्या भोवती गोल फिरत राहिला आणि शेवटपर्यंत शेजारच्याच एखाद्या चौकोनात राहिला तर काही नाही. ग्लेव्हसारखं दहा फूट पल्ल्याचं शस्त्र असणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण शेजारचा शत्रू एक चौकोन मागे सरला तरी तो अजून पल्ल्यातच असतो. डिसएंगेज अ‍ॅक्शन घेतली तर वार नाही. गॉब्लिनला डिसएंगेज बोनस अ‍ॅक्शन म्हणून करता येतं, त्यामुळे तो वार करून सुळकन निसटतो. नव्या खेळाडूंना ही डीएमची लबाडी वाटते, पण ते मॉन्स्टर मॅन्युअलमध्येच छापलेलं आहे.

ढकललं गेलं तर वार नाही, स्वतःहून गेलं तर आहे. हा फरक दोन स्पेल शेजारी ठेवले की लख्ख दिसतो. थंडरवेव्हने शत्रू दहा फूट मागे फेकला जातो. तो स्वतः चालला नाही, त्याने स्वतःचं काही खर्च केलं नाही. तेव्हा फायटरला वार नाही. डिसोनंट व्हिस्पर्स ऐकून शत्रू घाबरून पळतो, पण तो पळतो स्वतःची रिअ‍ॅक्शन वापरून. त्यामुळे वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला अपॉर्च्युनिटी अटॅक मिळू शकतो. बार्डला हे ठाऊक असेल तर तो व्हिस्पर्स टाकण्याआधी आपल्या दोन लढवय्यांना शत्रूच्या दोन बाजूंना उभं राहायला सांगतो. पहिल्या पातळीच्या स्पेलमधून दोन फुकटचे वार निघतात.

दोघांनी एकदमच रिअ‍ॅक्शन घेतली तर आधी कोणाची? २०१७ च्या झॅनाथर्स गाइडमध्ये याला सोपं उत्तर दिलं आहे. ज्याचा टर्न चालू आहे ते पात्र चालवणारा माणूस क्रम ठरवतो. शत्रूचा टर्न असेल तर डीएम. ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण निर्णय एका सेकंदात होतो.

बाण आधी की मंत्र आधी

रेडी अ‍ॅक्शन हा तंट्यांचा खरा आखाडा. आपल्या टर्नमध्ये तुम्ही म्हणता, "अमुक झालं तर मी तमुक करेन," आणि ते झालं की रिअ‍ॅक्शन म्हणून ते करता. ट्रिगर पात्राला दिसण्या-ऐकण्यासारखा हवा. आणि तुमची कृती ट्रिगर संपल्यावर लगेच होते. हे पुस्तकातच आहे, इथे संदिग्ध काही नाही.

"कोणी दारातून बाहेर आलं तर बाण मारतो." गॉब्लिन बाहेर पाऊल टाकतो, ट्रिगर संपतो, बाण सुटतो. त्याचं चालणं अजून बाकी आहे. तो वाचला तर पुढे जाईल. बाहेर आलं ते गावातलं पळवून नेलेलं पोर असेल तर? ट्रिगर घडला तरी कृती करायलाच हवी असं नाही, सोडून देता येते.

"त्याने स्पेल टाकायला सुरुवात केली तर बाण मारतो." इथे प्रत्येक टेबल अडखळतं. एका अ‍ॅक्शनमध्ये होणारा स्पेल हा नियमांच्या दृष्टीने एकसंध प्रसंग आहे, त्याची सुरुवात वेगळी काढता येत नाही. शब्दाला चिकटून वाचलं तर बाण स्पेलनंतर. काही डीएम 'हात हलवायला लागला' हा वेगळा ट्रिगर मानतात आणि बाण आधी सोडू देतात. माझ्या मते तेही चालेल, कारण त्याने खेळाडू समजतात तितका फायदा होत नाही. बाण लागला म्हणून स्पेल तुटत नाही. पाचव्या आवृत्तीत कॉन्सन्ट्रेशनची सेव्ह लागते ती आधीपासून धरून ठेवलेल्या स्पेलसाठी. डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मी, जी जास्त असेल ती. फायरबॉल टाकण्यासाठी आत्ताच हात उचललेला जादूगार बाण खाऊनही फायरबॉल टाकतोच, जोपर्यंत तो जिवंत आणि शुद्धीत आहे. एका अ‍ॅक्शनपेक्षा जास्त वेळ लागणाऱ्या स्पेलची गोष्ट वेगळी. तिथे टाकत असतानाच कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणून तिथे बाणाला अर्थ आहे.

मग 'मारलं की मंत्र तुटतो' ही समजूत आली कुठून? जुन्या आवृत्त्यांमधून, आणि ती तिथे बरोबरच होती. १९७८-७९ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये राउंड एक मिनिटाचा असायचा आणि त्याचे दहा सेगमेंट. फायरबॉलला तीन सेगमेंट लागायचे, आणि तेवढ्यात जादूगाराला मार लागला तर स्पेल वाया. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा मोजमाप बदललं. लढवय्याच्या पल्ल्यात उभं राहून स्पेल टाकला तर तो वार करायचा, आणि वार लागला तर जादूगाराला डीसी १० अधिक डॅमेज अधिक स्पेलची पातळी इतका कॉन्सन्ट्रेशन चेक द्यावा लागायचा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर दोन वेगळे प्रकारच केले. इमिजिएट इंटरप्ट ट्रिगरच्या आधी व्हायचा आणि त्याला निष्फळ करू शकायचा. इमिजिएट रिअ‍ॅक्शन नंतर. चौथ्या आवृत्तीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण ही विभागणी मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटते. पाचवीने दोन्ही एकाच नावाखाली कोंबले आणि वाचणाऱ्याचं काम वाढवलं. तुमच्या गटात जुने खेळाडू असतील तर ते कुठल्या आवृत्तीचा नियम सांगताहेत एवढं विचारा. अर्धं भांडण तिथेच मिटतं.

रेडीच्या किमतीही लक्षात ठेवा. स्पेल रेडी केला तर स्लॉट आत्ताच जातो आणि तो धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन लागतं. ट्रिगर आलाच नाही तर स्पेल हवेत विरतो. दोन वार करणाऱ्या फायटरला रेडीमध्ये एकच वार मिळतो, कारण जादा वाराची क्षमता स्वतःच्या टर्नपुरती आहे. आणि रिअ‍ॅक्शन त्यात गेली की अपॉर्च्युनिटी अटॅकला काही उरत नाही.

काउंटरस्पेल आणि डीएमची जीभ

काउंटरस्पेल मध्ये घुसतो, आणि त्याचा मजकूर तसं म्हणतोही. साठ फुटांच्या आत कोणी स्पेल टाकताना दिसला की तो चालू असतानाच तुम्ही तो तोडता. २०१४ च्या नियमात तिसऱ्या किंवा खालच्या पातळीचा स्पेल आपोआप फसतो. वरचा असेल तर डीसी १० अधिक त्या स्पेलची पातळी असा चेक, किंवा तेवढ्याच पातळीचा स्लॉट खर्चायचा. २०२४ मध्ये हे उलटं झालं. स्पेल टाकणाऱ्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह द्यायची. ती चुकली तर स्पेल जातो आणि अ‍ॅक्शन वाया जाते, पण त्याचा स्लॉट वाचतो. तुमचं टेबल कुठल्या वर्षाचं पुस्तक वापरतं हे काउंटरस्पेल घेण्याआधी विचारा, कारण त्याची ताकद दोन्हींत फार वेगळी आहे.

'दिसला' हा शब्द दुर्लक्षित राहतो. दाट धुक्यात, भिंतीआड, अंधारात दिसत नसेल तर काउंटरस्पेल नाही. सॉर्सररने सटल स्पेल वापरून बोलणं आणि हातवारे दोन्ही काढून टाकले आणि स्पेलला साहित्य लागत नसेल, तर कोणाला काही कळतच नाही. अंतराचाही डाव आहे. फायरबॉलचा पल्ला दीडशे फूट आणि काउंटरस्पेलचा साठ. सत्तर फुटांवर उभा राहणारा जादूगार निर्धास्त असतो. तुमच्या डीएमचे जादूगार नेहमी खोलीच्या मधोमध उभे राहत असतील तर तो तुमच्यावर मेहेरबान आहे असं समजा.

आता खरी अडचण. डीएम म्हणाला, "पुजारी होल्ड पर्सन टाकतोय," तर विझार्डला नाव आयतं मिळालं. "पुजाऱ्याने काहीतरी टाकलं, विस्डम सेव्ह द्या," असं म्हटलं तर विझार्ड म्हणणार, "अरे, मला विचारलंच नाही." झॅनाथर्स गाइडप्रमाणे चालू असलेला स्पेल ओळखायचा तर रिअ‍ॅक्शन लागते आणि डीसी १५ अधिक स्पेलची पातळी असा अर्काना चेक. म्हणजे ओळखलं तर तोडता येत नाही, आणि तोडायचं तर न ओळखता. मला हा नियम आवडतो. दुसऱ्या कोणी आपली रिअ‍ॅक्शन खर्चून ओळखलं आणि ओरडून सांगितलं तर मी चालवून घेतो. दोन माणसांच्या दोन रिअ‍ॅक्शन जातात, तेवढी किंमत पुरे.

टेबलावर हे असं चालतं:

"पुजारी हात वर करून काहीतरी पुटपुटायला लागलाय. तुझ्यापासून चाळीस फूट."

"मला दिसतोय?"

"स्पष्ट."

"तोडते. तिसऱ्या पातळीचा स्लॉट."

"ठीक. त्याच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले."

कोणीच काही म्हणालं नाही की मग स्पेलचं नाव आणि सेव्ह. एवढी दोन श्वासांची फट पुरते. पण ती दोन्ही बाजूंनी हवी. शत्रूकडेही काउंटरस्पेल असेल तर खेळाडूंनी आधी "मी स्पेल टाकतेय" एवढंच म्हणून थांबायचं. डीएमने खेळाडूचं "फायरबॉल!" ऐकून घ्यायचं आणि मग शत्रूने काउंटरस्पेल करायचा की नाही ते ठरवायचं, हे बरं नव्हे. लपवाछपवीचा कंटाळा असेल तर दोघांनी उघड खेळा. एकाने उघड आणि एकाने झाकून, असं मात्र नको.

काउंटरस्पेलला काउंटरस्पेल चालतो का? चालतो. तुम्ही फायरबॉल टाकला, शत्रूने तोडायला घेतला, तुमच्या मैत्रिणीने शत्रूचा काउंटरस्पेल तोडला. सर्वांत शेवटी आलेला आधी सोडवा आणि मागे या. मॅजिक: द गॅदरिंग खेळणारे लगेच 'स्टॅक' म्हणतील. त्या खेळात १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत इंटरप्ट नावाचा पत्त्यांचा प्रकारच होता, मग स्टॅक आला. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये स्टॅक लिहिलेला नाही, पण या साखळीपुरता तो विचार बरोबर उत्तर देतो. इतर ठिकाणी तो ओढून आणू नका. स्वतःचा फायरबॉल वाचवायला तुम्ही स्वतःच काउंटरस्पेल टाकू शकता का? २०१४ मध्ये हो, त्या टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल टाकला नसेल तर. २०२४ मध्ये एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्च करता येतो, तेव्हा नाही. मैत्रीण जवळ ठेवा.

वाराचे तीन थांबे

आता त्या शील्डकडे. ट्रिगर आहे 'वार लागला' हा, डॅमेजचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे शील्डची जागा वार लागणं आणि डॅमेज यांच्या मध्ये आहे, आणि ती जागा डीएमने एका दमात बोलून बुजवली. तेव्हा शील्ड द्यायचं. मुलीचा आर्मर क्लास पंधरा, शील्डने वीस, सतराचा वार हुकला, नऊ डॅमेज विसरा. एकवीस आले असते तर शील्ड टाकून उपयोग नव्हता. फाशावर सरळ वीस पडले असते तरीही नाही, क्रिटिकल लागतोच. एकूण आकडा खेळाडूला सांगायचा की नुसतं 'लागला' म्हणायचं, यावर मतभेद आहेत. मी सांगावा असं म्हणेन. स्लॉट फुकट गेल्याची रुखरुख वाचते आणि खेळ पुढे सरकतो.

पण प्रत्येक वाराला थांबत बसलं तर लढाई रात्रभर चालेल. म्हणून कोणाकडे काय आहे हे आधी लिहून घ्या. वाराला तीन थांबे असतात. लक्ष्य सांगितल्यावर, फासा पडायच्या आत, पहिला. प्रोटेक्शन ही फायटिंग स्टाइल असलेला ढालवाला इथेच डिसअ‍ॅडव्हान्टेज देतो, आणि पडद्यामागे चटकन फासा टाकणाऱ्या डीएममुळे त्याची क्षमता महिनोन्‌महिने वापरलीच जात नाही. फासा पडला, पण लागला की नाही हे सांगायच्या आत, दुसरा. २०१४ च्या बार्डचे कटिंग वर्ड्स इथे बसतात. लागला म्हटल्यावर, डॅमेजच्या आत, तिसरा. शील्ड आणि रोगची अनकॅनी डॉज इथे. तुमच्या गटात बार्ड नसेल तर दुसरा थांबा नकोच. विझार्डवर किंवा रोगवर वार असेल तेव्हाच तिसऱ्यावर थांबा, बार्बेरियनवर असेल तर धडाधड पुढे. ऑनलाइन खेळताना वार आणि डॅमेज एकाच बटणावर येत असतील तर डॅमेजचा आकडा दिसला तरी मोजायचा नाही, एवढं ठरवून घ्या.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) खेळत असाल तर वरचं बरंच काही बाजूला ठेवा. तिथे अपॉर्च्युनिटी अटॅक सर्वांना नसतो. फायटरला पहिल्या पातळीपासून असतो, इतरांना मिळवावा लागतो, आणि अनेक राक्षसांकडे तो नसतोच. त्यामुळे लोक मैदानात बिनधास्त फिरतात. २०२३ च्या सुधारित पुस्तकात त्याचं नाव रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक झालं. मॅनिप्युलेट प्रकारची अ‍ॅक्शन (बहुतेक स्पेल यातच येतात) चालू असताना हा वार क्रिटिकल लागला तर ती अ‍ॅक्शन तुटते. किंमत मोजलेली, परिणाम शून्य. बाण मारून मंत्र तोडायची हौस असणाऱ्यांनी धनुष्य ठेवून तिथे फायटर व्हावं.

आणखी दोन गोष्टी रिअ‍ॅक्शनमध्ये मिसळू नका. ड्रॅगनच्या लेजेंडरी अ‍ॅक्शन दुसऱ्याचा टर्न संपल्यावरच होतात. त्या मध्ये घुसत नाहीत, आणि डीएमनेही त्या तशा घुसवू नयेत. आणि २०१४ च्या नियमात सरप्राइज झालेल्या पात्राला त्याचा पहिला टर्न संपेपर्यंत रिअ‍ॅक्शन नाही. दबा धरून बसलेल्यांना खरा फायदा मिळतो तो तिथे.

उरतो तो विसरण्याचा प्रश्न. "अरे हो, माझी रिअ‍ॅक्शन होती की!" हे दर लढाईत होतं. मागे किती जायचं? माझ्या टेबलावर उत्तर ठरलेलं आहे: पुढचा फासा पडेपर्यंत. तोवर कोणीही विसरलेली रिअ‍ॅक्शन मागितली तर द्यायची, वाद न घालता. फासा पडला की गेली. एखाद्या नियमावर दोन मिनिटांत एकमत झालं नाही तर डीएमने त्या वेळेपुरता निर्णय द्यावा, वहीत एक ओळ लिहावी आणि पुस्तक पुढच्या बैठकीआधी उघडावं. फाशाची ही मुदत डीएमलाही लागू आहे. पुजाऱ्याकडे काउंटरस्पेल होता हे त्याला तीन टर्ननंतर आठवलं, तर पुजाऱ्याने तो टाकला नाही एवढंच खरं.